दिगू पेंटरचा उचित वापर

दिगू पेंटर हे नाव वाचल्याबरोबर तुमच्या डोक्यात एक दाढी उगवली असेल. खांद्याले झोळी, नखात रंग, नजर आभाळात. ती दाढी आधी उतरवा. दिगूकाका रोज सकाळी गुळगुळीत दाढी करतात, इस्त्रीचा हाफ शर्ट घालतात आणि डोणगावच्या बसस्टँडसमोर आपल्या फ्लेक्सच्या दुकानात बसतात. ब्रश हातात धरून त्यांले जमाना झाला. आता तुम्ही म्हणाल, मग हा तर सरळ माणूस आहे, याच्यावर लिहायचं काय. तुमच्या एखाद्या पुढाऱ्याच्या वाढदिवसाचं फ्लेक्स करायले एकदा त्यांच्याकडे जाऊन पाहा, मग बोलू.

आमचा बंटीभाऊ गेला होता. बंटीभाऊ म्हणजे गावाचं उगवतं नेतृत्व. दर वाढदिवसाले नव्यानं उगवते. त्याले फ्लेक्सवर आपल्या मागं सिंह पाहिजे होता. नेटवरून उतरवलेला सिंह त्यानं मोबाईलवर काकाले दाखवला. काकानं चष्मा कपाळावर चढवला.

"सिंह कोणाचा?"

"कोणाचा म्हणजे? जंगलाचा."

"फोटो कोणी काढला?"

"मले काय माहीत काका. नेटवर होता."

"नेट फोटो काढते का? कोणीतरी माणूस गेला असंल ना जंगलात, जीव मुठीत धरून. त्याले इचारलं?"

"काका, सगळेच टाकतात सिंह."

"बरं, सगळे राहू दे. मले एवढंच सांग, या सिंहावाचून तुह्या वाढदिवसाचं अडते का?"

बंटीभाऊनं यावर खरंच विचार केला, तिथंच तो फसला. वाढदिवस सिंहाशिवायही होतो हे त्याच्या तोंडून निघून गेलं. काका म्हणाले, घरचं जनावर असंल तर त्याचा फोटो काढून आण, तो तुहा. बंटीभाऊच्या घरी जनावर म्हणजे त्याच्या वडलांचा बैल. मेहकर रोडवर फ्लेक्स लागलं: समोर हात जोडून बंटीभाऊ, मागं शिंगाले गोंडे लावलेला बैल, दोघांच्याही चेहऱ्यावर समाजसेवेचा तोच भाव. लोक बंटीभाऊले भेटले की आधी बैलाची तब्येत विचारायचे.

माझं दुकान काकाच्या दुकानाले लागूनच आहे, मोबाईल दुरुस्तीचं. पण तो जोडधंदा. माझा खरा धंदा नकला. हळदीत, गणपतीत, शाळेच्या गॅदरिंगले मी साऱ्या गावाचे आवाज काढतो. काका मले टेपरेकॉर्डर म्हणतात. त्यांचाच आवाज काढणं सगळ्यात सोपं. चष्मा कपाळावर घ्यायचा, नाकातून एक लांब श्वास सोडायचा आणि म्हणायचं, "औचित्य सांग." एवढ्यावर मंडप लोळतो. कारण अख्ख्या डोणगावात औचित्य हा शब्द वापरणारा माणूस एकच.

हा शब्द त्यांले लागला ऑनलाइन ज्ञानकोशातून. मराठीत आहे तो, फुकट वाचता येतो, कोणीही त्यात लिहू शकते, आणि कोणीही दुसऱ्याचं लिहिलेलं दुरुस्त करू शकते. फ्लेक्सची मशीन घर्रघर्र करत बॅनर बाहेर टाकते तेव्हा ऑपरेटरले बसून राहण्यापलीकडं काम नसते. तसंच एकदा बसल्या बसल्या काकानं कोशात डोणगाव काढून पाह्यलं, तर आपल्या गावाच्या पानावर भलत्याच कोणत्या तरी बसस्टँडचा फोटो. काका तसेच उठले, रस्ता ओलांडला, आपल्या बसस्टँडचा फोटो काढला आणि चढवला. तिथून नाद लागला तो लागला. आठवडी बाजार, निंबाचं झाड, तुरीचं शेत, जे दिसंल ते चढवून राह्यले. वांगे या पानावर जे वांगं आहे ना, ते काकाच्या धाकट्या भावाच्या मळ्यातलं आहे. भाऊ बाजारात तेच सांगून वांगी विकतो.

फोटो स्वतः काढला की भानगड नाही. भानगड दुसऱ्यानं केलेल्या चित्राची. चित्रकार मेला तरी पुढं साठ वर्षं हक्क त्याच्या वारसाचा. कोशाले असं चित्र दाखवायचं असेल तर एकच बारीक दार उघडं असते, त्याले म्हणायचं उचित वापर. मले पहिल्यांदा सांगितलं तेव्हा काही समजलं नाही, तर काकानं मळ्यात नेऊन सांगितलं.

"दुसऱ्याच्या इहिरीवर तहान लागली तर ओंजळभर पाणी पेता येते. कोणी नाही म्हणत नाही. पण म्हणून मोटर लावता येत नाही. समजलं?"

ओंजळीचे नियमही होते. दुसरा मोकळा पर्याय नसावा. लागेल तेवढंच घ्यावं, आणि लहान करून घ्यावं, म्हणजे कोणी त्यावरून पोस्टर छापून मूळ मालकाच्या पोटावर पाय देणार नाही. चित्र नुसतं शोभेले नको, लेखात त्या चित्राबद्दल काही बोललेलं पाहिजे. आणि वरून एका चौकटीत औचित्य लिहायचं.

कोशात हे ठीक होतं. काका ते संसारात घेऊन आले.

"काका, गाडी द्या ना जरा. मेहकरले जाऊन येतो."

"औचित्य सांग."

"डिस्प्ले आणायचा आहे गिऱ्हाइकाचा."

"मोकळा पर्याय?"

"म्हणजे?"

"येष्टी."

"येष्टीले अजून टाइम आहे काका."

"म्हणजे पर्याय आहे. बस थांब्यावर जाऊन."

लग्नाच्या पंगतीत वाढपी दुसरी जिलबी घेऊन आला की काका ताटावर हात धरतात. "पहिल्या जिलबीनं जे सांगायचं ते सांगितलं." नवरीचा बाप आग्रहाले आला तरी हेच. त्यांनी स्वतः लग्न केलं नाही. भावाच्या घरीच राहतात, गच्चीवरच्या खोलीत. मी एकदा आगाऊपणा करून विचारलं, काका, लग्न काऊन नाही केलं. ते फ्लेक्सले रिंगा ठोकत होते. मान वर न करता म्हणाले, "अडलं नाही."

हे सगळं मी स्टेजवर करून दाखवायचो आणि टाळ्या घ्यायचो. मग 'दुपार'चं प्रकरण निघालं.

'दुपार' हे एका मोठ्या चित्राचं नाव. काढणारा भास्कर, काकाचा जुना जोडीदार. फ्लेक्स यायच्या आधी दोघं मिळून गावोगावच्या भिंती रंगवायचे, खताच्या, बियाण्याच्या, सिमेंटच्या जाहिराती. मग भास्कर मुंबईले गेला, चित्रं शिकला, मॉडर्न चित्रकार झाला, नाव कमावलं. काही वर्षांमागं वारला. काकानं कोशात 'दुपार'वर लेख लिहिला होता. पण लेखाच्या उजव्या अंगाले जिथं चित्र असते तिथं कोरी चौकट. रोज दुकान उघडलं की काका आधी तो लेख उघडायचे आणि त्या चौकटीकडं पाहत चहा प्यायचे.

मूळ चित्र आमच्याच भागात होतं. शेजारच्या गावच्या अण्णासाहेब देशमुखांनी, आपल्याकडचा पोरगा मोठा झाला म्हणून, घेऊन बैठकीत लावलं होतं. एक दिवस काका म्हणाले, चाल, फोटो काढू.

देशमुखांच्या बैठकीतली एक पुरी भिंत त्या चित्रानं घेतली होती. खरं सांगतो, माझ्या डोक्यात नकल तयार होत होती. चित्रात काही नव्हतंच. वरपासून खालपर्यंत पिवळसर पांढरं ऊन, एवढं की डोळे बारीक करावे लागत. डाव्या खालच्या कोपऱ्यावर मात्र एका किराणा दुकानाचं कॅलेंडर लटकत होतं.

"खिळा रिकामा होता," अण्णासाहेब म्हणाले.

काकानं कॅलेंडर काढून सोफ्यावर ठेवलं. खाली मुठीएवढा एक काळा ठिपका निघाला. काकानं फोटो काढले आणि मग म्हणाले, "अण्णासाहेब, हा फोटो कोशात टाकू, पण त्याले उचित वापराचं औचित्य लागंल."

"माझी परवानगी आहे ना. टाका बिनधास्त."

"तुमची चालत नाही."

अण्णासाहेबांचा आवाज चढला. "चित्र माझं आहे, दिगंबर. पैसे मोजून घेतलं मी."

"चित्र तुमचं. चित्राचा हक्क भास्करच्या बायकोचा. बैल इकत घेतला म्हणून बैलाच्या मायवर हक्क लागते का?"

अण्णासाहेबांचा आवाज खाली आला. शेती कळणाऱ्या माणसाले बैलात बोललं की समजते. निघताना काकानं ते कॅलेंडर होतं तिथं परत लटकवलं, तारीख सरळ केली. मले ते पटलं नाही, पण त्यांच्या घरचा खिळा होता.

चित्र चढलं. कोरी चौकट भरली. काकानं त्या दिवशी दुसरा चहा घेतला, मी औचित्य विचारलं नाही. पण थोड्याच दिवसात लेखावर एक लाल पाटी लागली: हे चित्र हटवण्यासाठी सुचवण्यात आले आहे. कोशाच्या कोण्या व्यवस्थापकानं लावली होती. त्याचं म्हणणं, लेखात चित्राची लांबी, रुंदी आणि मालक याशिवाय काही नाही. चित्राविषयी चर्चाच नसेल तर चित्र शोभेचं ठरते, आणि परक्या हक्काचं चित्र शोभेले ठेवता येत नाही. आठवडाभरात बाजू मांडा, नाहीतर काढतो.

नियम बरोबर होता. काकानं स्वतः याच नियमावर दुसऱ्यांची ढीगभर चित्रं कोशातून काढून टाकलेली. आता तो घरी आला. त्या आठवड्यात काकाचं लक्ष उडालं. एका सत्यनारायणाच्या फ्लेक्सवर बंटीभाऊचा बैल राहून गेला. शेवटी एका दुपारी गिऱ्हाईक नाही पाहून त्यांनी मले बोलावलं.

"टेपरेकॉर्डर, तू तो व्यवस्थापक हो. इचार मले. मी उत्तर बसवून पाहतो."

असं काम मले कोणी सांगावं लागत नाही. मी काकाचाच चष्मा घेतला, पाठ ताठ केली आणि आवाज थेट पुण्याले नेला.

"नमस्कार दिगंबरराव. आपण सदर चित्राचं औचित्य स्पष्ट करावं."

"असं चित्र दुसरं नाही."

"हे कौतुक झालं. औचित्य नव्हे."

काका दचकले. दुसऱ्यांची चित्रं हटवताना ते लिहायचे तेच वाक्य त्यांच्यावर आलं होतं. "मोकळा पर्याय नाही. चित्रकाराले जाऊन साठ वर्षं झाली नाही. व्हायची वाट पाहू म्हटलं तर मी राहीन का तोवर?"

"तो आपला वैयक्तिक प्रश्न आहे, दिगंबरराव."

"लयच पुण्याचा होऊन राह्यला तू."

"कृपया मुद्द्यावर या. चित्राशिवाय वाचकाचं नेमकं काय अडतं? पिवळसर मोठा पृष्ठभाग, डाव्या कोपऱ्यात एक काळा ठिपका. पाहा, मी शब्दांत सांगितलं. भागलं. मग चित्र कशाला?"

"ठिपका नाही तो."

"मग काय आहे?"

काकानं बसस्टँडकडं पाह्यलं. समोर मालेगावची गाडी लागली होती, कंडक्टर ओरडून राह्यला होता. ती निघून गेली.

"तेवढा आवाज बंद कर," काका म्हणाले. मी चष्मा काढून त्यांले दिला. तो त्यांनी घातला नाही, शर्टाले पुसत बसले.

"मी आहे तो."

मले वाटलं मस्करी करून राह्यले. पण काका मस्करी करत नाही, ते खातं माझ्याकडं आहे.

"मेहकरच्या रस्त्याले एका गोदामाची भिंत होती. लांबलचक. पहिला हात आम्ही चुन्यात पिवडी टाकून मारला, पिवळा. ऊन असं की भिंतीकडं पाहवत नव्हतं. मी भिंतीच्या बुडाशी भाकर खायले बसलो. भास्कर रस्त्याच्या पल्याड, निंबाखाली. तिथून वरडला, दिगू, हलू नको. मले वाटलं साप आहे."

"मग?"

"मंग काय, बसलो तसाच, भाकर हातात धरून. त्याच्याजवळ कागद नाही, पेन्सिल नाही. नुसता पाहत राह्यला. लय वेळ. घाम डोळ्यात गेला तरी म्या पुसला नाही, साप म्हणून. भिंतीवरून ऊन उतरलं तवा म्हणला, झालं, खाय आता. म्या इचारलं काय झालं बे. तर म्हणे, दिसलं."

"आणि मुंबईले कधी गेले ते?"

"त्याच साली. मले चाल म्हणे. इकडं मळा, बाप थकलेला, धाकटा शिकून राह्यला. म्या म्हटलं, तू हो पुढं." काका चष्म्याकडं पाहत हसले. "त्यानं हलू नको म्हटलं, मी हललोच नाही बे."

गावातल्या कोणाचंही हसणं सांगा, मी काढून दाखवतो. हे मले अजून काढता आलं नाही.

"काका, हेच लिहा ना मग," मी म्हटलं. "यापेक्षा मोठं औचित्य कोणतं? शब्दात सांगून भागत नाही, चित्र लागतेच."

"सोर्स?"

"तुम्हीच."

"मी सोर्स होत नसतो. गावाच्या लेखात पाटलानं आपल्या आजोबाची कथा घुसवली होती, ती कोणी काढली? म्या. तो बी हेच म्हणला, आजोबानं मांडीवर बसवून सांगितली. म्या म्हटलं छापील दाखव. मंग मले कोणी काऊन सोडावं?"

"तर भास्करकाकाच्या बायकोले फोन करा. हक्क त्यांचा आहे ना. त्यांनी चित्र सगळ्यांसाठी मोकळं केलं तर हे सगळं लफडंच मिटलं."

"नंबर नाही."

"अण्णासाहेबांकडं असंल. मी आणतो."

"आणून काय करशीन? कोण बोलून राह्यला म्हणून सांगू?" काकानं चष्मा घातला. "त्याच्या मयतीले मी नव्हतो. पेपरात वाचलं तवा सगळं होऊन गेलं होतं. मंग वाटलं, आता जाऊन काय, मंग उन्हाळा गेला, मंग लाज वाटली. आता चित्र पायजे म्हणून फोन करू?"

मी उठून माझ्या दुकानात गेलो, एक अर्धवट खोललेला मोबाईल घेऊन बसलो.

दुसऱ्या दिवशी काका गच्चीवरून एक छापील पुस्तिका घेऊन आले. भास्करकाकाच्या प्रदर्शनाची, त्यांनी कधीतरी पोस्टानं पाठवलेली. तिच्यात एका समीक्षकानं 'दुपार'वर अर्धं पान लिहिलं होतं. मी वाचलं. मराठीच होतं, पण जीएसटी लावल्यासारखं. अवकाश, रितेपण, निःशब्दता. त्याचं सार असं, की या चित्रात माणूस मुळीच नाही, सगळी मजा माणूस नसण्याचीच आहे, आणि तो काळा आकार म्हणजे रितेपणाचा पूर्णविराम आहे.

काकानं ते लेखात लिहिलं. एका बोटानं टाइप करतात ते. समीक्षकांच्या मते या चित्रात मनुष्याचा पूर्ण अभाव आहे. पुढं पुस्तिकेचा संदर्भ, पान क्रमांकासकट.

"काका, हे खोटं आहे."

"छापील आहे."

"तुम्ही तिथं बसले होते."

"बसलो होतो. पण छापलं कुठं आहे?"

मग ते चित्राकडं वळले. उचित वापरात चित्र लहान पाहिजे, पण ओळखू येईल एवढं तर ठेवतात. काकानं लहान केलं, मग अजून लहान केलं. पार पावतीवरच्या तिकिटाएवढं. स्क्रीनवर नुसता पिवळसर चौकोन राह्यला. मी नाक लावून पाह्यलं.

"काका, तुम्ही गेले ना यातून."

"चित्र ओळखू येते ना?"

"चित्र येते. तुम्ही नाही येत."

"मी ओळखू यायची गरज नाही," काका म्हणाले आणि बटण दाबलं.

काका जिंकले. व्यवस्थापकानं लाल पाटी काढली आणि खाली लिहिलं की औचित्य कसं लिहावं याचा हा नमुना आहे. काकानं ते मले वाचायले लावलं, व्यवस्थापकाच्याच आवाजात. मी वाचलं. ते खूश होते, म्हणजे चित्र वाचलं म्हणून खूश होते. मले त्या पिवळ्या चौकोनाकडं पाहून काही खुशी वाटून नाही राह्यली. अण्णासाहेबांकडून भास्करकाकाच्या बायकोचा, कुसुमकाकूचा नंबर मी आधीच आणून ठेवला होता. दुकानात येऊन लावला.

कोणाचा आवाज काढू असा एक मिनिट विचार आला. मग माझ्याच आवाजात बोललो. कुसुमकाकू, मी डोणगावहून बोलतो, भास्करकाकांचं चित्र नेटवर आलं आहे, ज्ञानकोशात, लेखासकट, एवढंच सांगायचं होतं.

"डोणगावहून?" त्या म्हणाल्या. मुंबईची स्वच्छ भाषा. "लेख कोणी लिहिलाय?"

"दिगंबरकाकांनी. दिगू पेंटर."

त्यांनी 'दिगू' एवढंच परत म्हटलं. मग त्या म्हणाल्या, नात आली की मोबाईलवर दाखवेल ती, आणि फोन ठेवला.

संध्याकाळी माझ्या मोबाईलवर त्यांचा फोन आला. काका बाहेर फ्लेक्सले बांबूची चौकट ठोकत होते, हात मोकळे नव्हते. मी स्पीकर लावून मोबाईल त्यांच्यासमोर धरला.

"दिगूभाऊजी, मी कुसुम बोलतेय."

काकाच्या हातातली हातोडी तिथंच राह्यली. मग ते उभे झाले. फोनवर कोणी दिसत नाही हे त्यांले माहीत आहे, तरी उभे झाले.

"हो वहिनी."

"चित्र पाहिलं मी. इतकं लहान का केलंय?"

"नियम आहे वहिनी. हक्क तुमचा. मोठं टाकलं तर कोणी छापून इकंल, तुमचं नुकसान होईन."

"माझं नुकसान." एवढंच म्हणाल्या. आणि मग त्यांच्या बोलण्यातली मुंबई संपली, माहेरचं मेहकर लागलं. "माहं नुकसान मी पाहीन, भाऊजी. तुमी कोठी आहे त्याच्यात?"

"दिसत नाही ना वहिनी."

"दिसत नाही म्हणजे? अन् वरून लिहून ठेवलं, माणूसच नाही म्हणून. कोणी लिहिलं हे?"

"ते समीक्षकाचं आहे. छापील आहे वहिनी, पुस्तिकेत—"

"त्याले काय माहीत? तो होता का तठी? ते चित्र काढून राह्यले तवा मी होती. एवढा मोठा कोरा कपडा लावला भिंतीले, अन् पहिला हात कोपऱ्यात. मी म्हटलं हे काय, तर म्हणे दिगू आहे, जेवून राह्यला. कितीक दिवस त्या कोऱ्यावर एकटे तुमीच बसून होते आमच्या घरात. मी स्वयंपाक करायची तुमच्याकडं पाहून. ऊन मागून भरलं त्याईनं, तुमच्या अंगाभोवतालून. अन् तुमी सोताच सोताले पुसलं."

"वहिनी, पण तुमचं तोंडी सांगणं संदर्भ म्हणून—"

"काय?"

"काही नाही वहिनी."

एक गिऱ्हाईक येऊन उभं राह्यलं होतं, बारशाचं फ्लेक्स न्यायले. काकानं त्याले हातानंच थांब म्हटलं. मान खाली, हातोडी दोन्ही हातात धरलेली.

"मयतीले नाही आले, मी म्हटलं कळलं नसंल. वर्षश्राद्धाले येसान म्हणून वाट पाह्यली, ताट वाढून ठेवलं. मी काय चित्राचे पैसे मागणार होती का तुमाले? दोन घंटे बसले असते, त्याईच्या चार गोठी सांगितल्या असत्या. मले अठी कोण आहे भिंत रंगवतानाच्या गोठी सांगणारं?"

"चुकलं वहिनी."

"चुकलं तर चुकलं. आता ते चित्र मोठं करा. कागद मी सही करून देते, कोणता लागते तो. तुमच्या नियमाले सांगा, बाईनं सांगितलं, जिचा हक्क आहे तिनं. माणूस दिसला पायजे मले त्याच्यात, चेहरा नसंल तरी बसलेला दिसला पायजे. अन् मधी मधी हो वहिनी, हो वहिनी करू नका, फोन बी ठेवू नका. माहं बोलणं झालं नाही अजून."